डाग खाली

हर्षितने मला फसवलं नाही, फॉर्ममध्ये नावासाठी एकच रकाना होता, असं त्याचं म्हणणं आहे. मी तो फॉर्म पाहिला आहे. रकाना एकच होता हे खरं. पण तो इतका लांब होता, की त्यात आमची दोघांची नावं, दोघांच्या बापांची नावं आणि सेलू तालुक्यातली दोन-चार गावं आरामात मावली असती.

सुरुवातीपासून सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी चिडून बोलतोय. चिडलेला मी आहेच, पण क्रमाने.

हर्षित आणि मी अकरावीपासूनचे दोस्त. त्याच्या घरचं वर्ध्याला हार्डवेअरचं दुकान, आमची सेलूला साडेतीन एकर भाजी. बी.एस्सी. आणि एम.एस्सी. आम्ही एकाच बाकावर बसून केली. तो आमच्या घरी आला की माझी आई, शालूबाई, आधी त्याचं ताट वाढायची आणि मग मला विचारायची, की तुला भूक आहे का. मी याचा कधी राग धरला नाही. आता धरतो, मागल्या तारखेपासून.

एम.एस्सी. झाल्यावर आम्ही दोघं वर्ध्याच्या कॉलेजात उज्वला मॅडमच्या लॅबमध्ये बिनपगारी लागलो. मॅडमच्या प्रोजेक्टमध्ये एक जागा निघणार होती. तीन वर्षांची, आणि त्यातूनच पुढे पीएच.डी. जागा एक, आम्ही दोन. मॅडमनी आडपडदा ठेवला नाही. डिसेंबरात संशोधन दिन आहे, काम मांडा, नागपूरहून परीक्षक येतील, त्यांना ज्याचं काम पटेल त्याला जागा. आम्ही दोघांनी चहाच्या टपरीवर ठरवलं की काम एकत्र मांडायचं, दोघांच्या नावाने, आणि पुढचं परीक्षकांवर सोडायचं. जो मागे राहील त्याने दुसऱ्याला जन्मभर ‘डॉक्टरसाहेब’ म्हणायचं, एवढीच अट.

मागे राहिलो तर माझं काय, हेही ठरलेलं होतं. कारंजा घाडग्याला हायवेवर माझ्या मामाचा ढाबा आहे. मामाला गल्ल्यावर बसायला विश्वासाचा माणूस हवा होता, आणि त्याच्या मते एम.एस्सी. म्हणजे गणितच. जानेवारीपासून ये, म्हणाला होता. खुर्चीला नवीन गादीसुद्धा करून घेतली होती. मला त्या गादीची स्वप्नं पडायची.

आता कामाविषयी. घाबरू नका, माझ्या बाबांना कळलं, तुम्हालाही कळेल.

मॅग्नेशियम हा हलका, चांदीसारखा धातू. लोखंडासारखा तो लाल होत नाही. मिठाच्या पाण्यात टाकला की बारीक बुडबुडे सोडत झिजत जातो, गुपचूप. मॅडमकडे त्याचे सहा ठोकळे होते, प्रत्येक सेंटिमीटरभराचा, सगळे एकाच अखंड स्फटिकातून कापलेले. अखंड स्फटिक म्हणजे आतला एकूण एक अणू रांगेत, थरावर थर. प्रश्न असा होता, की ठोकळ्याचं कुठलं अंग पाण्याला लागलं तर तो लवकर झिजतो.

हे मी बाबांना समजावत होतो तेव्हा ते टमाटे भरत होते. मी म्हणालो, बाबा, समजा हा क्रेट म्हणजे स्फटिक आणि टमाटे म्हणजे अणू. वरून पाहिलं तर थर घट्ट, टमाट्याला टमाटा चिकटून, बोट घालायला जागा नाही. बाजूने पाहिलं तर थराथरात फटी. पाणी वरून आलं तर त्याला हळूहळू खावं लागतं, बाजूने आलं तर ते भराभर आत शिरतं. बाबांनी क्रेटकडे वरून पाहिलं, मग बाजूने पाहिलं, आणि म्हणाले, “क्रेट बाजूनंच सडते.” बस. माझं शिक्षण कळलेला घरातला हा एकटा माणूस. आईला आजही वाटतं की मी सोड्याच्या कारखान्यात जातो.

माझे बाबा, बापूराव, चाळीस वर्षं भाजी पिकवतात आणि तेवढीच वर्षं क्रेट लावतात. पिकवणारे पुष्कळ आहेत, लावणारे कमी. टमाट्यावर कुठे तरी डाग असतोच. पान घासलं जातं, दहिवराचा चट्टा पडतो. डाग म्हणजे खराबी नाही, असं बाबांचं म्हणणं. पण तो समोर ठेवला तर येणारा जाणारा प्रत्येक जण तिथेच अंगठा दाबून पाहतो, आणि अंगठ्याने टमाटा खरोखरच खराब होतो. म्हणून डाग खाली. आणि डाग खाली असला तरी खराब माल खाली कधी नाही. बापूरावचा क्रेट वर-खाली सारखा, हे वर्ध्याच्या भाजीबाजारात सगळ्यांना माहीत आहे. तिथे तो पालथा करून कुणी पाहत नाही. घरी तर नाहीच नाही. आमच्याकडे एकाने लावलेला क्रेट दुसरा उघडत नाही. बाबांनी लावलेला मी नाही, मी लावलेला बाबा नाही. कुणी शिकवलं नाही, पण उघडला असता तर तो थोबाडीत मारल्यासारखा वाटला असता.

ही गोष्ट लक्षात ठेवा. मी ठेवली नाही.

नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक आली आणि कॉलेजची आमची इमारत मतदानयंत्रांसाठी घेतली. दाराला लाखेचं सील लागलं, आणि सीलजवळ बंदूकवाला बसला. आमचा प्रयोग दहा दिवस सलग चालवायचा होता, आणि संशोधन दिन पुढे ढकलायला कुणी तयार नव्हतं. मॅडमनी सील लागण्याआधी ठोकळ्यांची डबी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, बघा घरी काही जमतंय का. लोकशाहीसाठी लोकांनी मोठमोठे त्याग केले आहेत. मी सहा लोणच्याच्या बरण्या धुतल्या.

प्रयोग आमच्या पडवीत मांडायचा ठरला, जिथे क्रेट भरतात. हर्षित दुकानातून दोन नळ्या मिसळून घट्ट होणारी राळ घेऊन आला. बाटलीच्या टोपणात ठोकळा ठेवायचा, भोवती राळ ओतायची, म्हणजे फक्त वरचं अंग उघडं राहतं. तीन ठोकळ्यांचं घट्ट अंग उघडं ठेवायचं, तिघांचं फटींचं.

अडचण एकच. ठोकळ्याची सहाही अंगं सारखीच चकचकीत. एक्स-रेशिवाय ओळखू येत नाहीत. म्हणून मॅडमनी प्रत्येकाच्या एका घट्ट अंगावर सुईने बारीक फुली मारून दिली होती. घट्ट अंगं दोनच, समोरासमोरची. फुली खाली ठेवली की वर आपोआप घट्ट अंग येतं. फुली आपल्या बाजूला वळवली की वर फटींचं अंग येतं. मी एक क्रेट पालथा घातला, त्यावर पेपर टाकला, डावीकडे तीन ठोकळे फुली खाली करून ठेवले आणि उजवीकडे तीन, फुली समोर करून. दोन्ही रांगांपुढे चिठ्ठ्या ठेवल्या: ‘घट्ट’, ‘फट’. लग्नात पाहुण्यांच्या पंगती बसवाव्या तसं सगळं नीट झालं.

तेवढ्यात आईने हर्षितला जेवायला हाक मारली. त्याच्यामागून मीही गेलो. भाकरी होती, वांग्याचं भरीत होतं, त्याला तिसरी भाकर वाढली, मला माझी दुसरी मागून घ्यावी लागली. आम्ही परत आलो तर ठोकळे होते तिथेच, रांगा होत्या तशाच, चिठ्ठ्या जागच्या जागी. बाबा पलीकडे पालकाच्या जुड्या बांधत होते. हर्षितने मोबाईलवर फोटो काढला. मग मी एकेक ठोकळा चिमट्याने अलगद उचलला, आहे तसाच टोपणात ठेवला आणि राळ ओतली.

सुरुवातीचं वजन करायला आम्ही सेलूतल्या सदाशिवराव सोनारांकडे गेलो, कारण मिलिग्रॅम दाखवणारा काटा फक्त त्यांच्याकडे. त्यांनी विचारलं की काय मोडायचं आहे. मी म्हणालो, काहीच नाही, हे टोपण मोजून द्या. त्यांनी ते दिव्याजवळ नेऊन नीट पाहिलं, कसोटीवर घासायला निघाले, मी हात धरला. दहा दिवसांनी आम्ही तीच सहा टोपणं घेऊन परत गेलो तेव्हा ते नोकराला म्हणाले, “पुन्हा आले.”

दहा दिवस मिठाच्या पाण्याच्या बरण्यांमध्ये बुडबुडे निघाले. वरची पांढरी साय धुऊन काढली, वजन केलं, आणि सहाही ठोकळे सारखेच झिजलेले निघाले. घट्ट काय, फट काय, एकाच मापाचे.

मी म्हणालो की कुठेतरी चुकलं. जगभरची माणसं म्हणतात फरक पडतो, आणि सेलूच्या लोणच्याच्या बरण्या म्हणतात पडत नाही, तर आधी बरणीवर संशय घ्यावा. पुन्हा करू. मॅडमना नवीन ठोकळे मागू. हर्षित बराच वेळ आकड्यांकडे पाहत होता. मग म्हणाला की हीच तर बातमी आहे. फरक पडतो हे सांगितलं तर परीक्षक जांभई देतील. पडत नाही म्हटलं तर खुर्चीतून उठतील. आम्ही तासभर वाद घातला. शेवटी तो म्हणाला, बरं, तू म्हणशील तसं, आधी तपासू. आणि लिहून काढायला माझी वही घेऊन गेला. वही देताना मी म्हणालो, पेज सोळावर चटणी सांडली आहे, सांभाळून.

आठ दिवसांनी कॉलेजच्या फलकावर संशोधन दिनाची यादी लागली. सातव्या क्रमांकावर होतं: ‘मॅग्नेशियमच्या क्षरणावर स्फटिकाच्या दिशेचा परिणाम होत नाही.’ सादरकर्ता हर्षित. मी यादी उलटून मागे पाहिली. मागे मेसचा मेनू होता.

मी त्याला लायब्ररीच्या जिन्यात गाठलं. तो खरोखर दुःखी दिसत होता, जसं माझ्या घरी काही झालं असावं आणि तो भेटायला आला असावा. तेव्हाच त्याने रकान्याचं सांगितलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“तसंही तुले ते पटलंच कुठी होतं बे,” तो म्हणाला. “न पटलेल्या कामावर तुह्यं नाव टाकनं बरं दिसलं असतं का?”

म्हणजे माझी वही, माझी पडवी, माझ्या आईच्या बरण्या, आणि माझं नाव त्याने माझ्याच इभ्रतीसाठी वगळलं होतं. मला आभार मानावेसे वाटले. मी तिथून निघालो, स्टँडपर्यंत चालत गेलो, चुकीच्या बसमध्ये बसलो आणि पुलगावला उतरलो. पुलगावला माझं काहीच काम नव्हतं. तरी तासभर बसलो.

मॅडमना जाऊन सांगायचं होतं. पण काय सांगणार? की ज्या कामावर माझा विश्वास नाही, ते माझं आहे? दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो. दुसऱ्या वेळी त्यांनीच विचारलं, की निकेश, तू या कामातून बाहेर पडलास असं हर्षित म्हणाला, बरं नाही का? मी म्हणालो, थोडी सर्दी आहे.

घरी मी काही बोललो नाही. पण एक गोष्ट मला माहीत नव्हती. हर्षितने महिनाभर आधी, सगळं गोड असताना, बाबांना स्वतः आमंत्रण दिलं होतं. काका, तुमच्या क्रेटची गोष्ट आम्ही मोठ्या लोकांपुढे सांगणार आहोत, येजा. आणि बाबा तारखेचे पक्के.

संशोधन दिनाच्या सकाळी मी हॉलच्या मागच्या रांगेत जाऊन बसलो होतो. का गेलो, विचारू नका. दात दुखत असला की जीभ तिथेच जाते. सातव्या क्रमांकाच्या थोडं आधी दारातून बाबा आत आले. धुतलेला पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा, हातात पिशवी. पिशवीत मॅडमसाठी टमाटे आणि मेथी. त्यांनी सगळ्या हॉलवर नजर फिरवली, मला शोधलं आणि माझ्याशेजारी येऊन बसले.

स्टेजवर हर्षित आला. पडद्यावर शीर्षक आलं, खाली नाव आलं. बाबांना इंग्रजी वाचता येत नाही, पण सादरीकरण मराठीत होतं, दुर्दैवाने. त्यांनी ओठ हलवत पूर्ण वाचलं.

“तुह्यं नाव कुठी हाये?” त्यांनी हळूच विचारलं.

“रकाना एकच होता,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्टेजकडे पाहिलं. चाळीस वर्षं दलालांशी व्यवहार केलेल्या माणसाला आणखी सांगावं लागत नाही. पिशवी त्यांनी मांडीवर ओढून घेतली.

हर्षित चांगला बोलला. टमाट्याच्या क्रेटचं उदाहरण त्याने माझ्याहून छान सांगितलं, वरून घट्ट, बाजूने फटी, मधे थोडं थांबून. परीक्षक, एक जाडजूड, चष्म्याचे सर, मान डोलवत होते. मग पडद्यावर फोटो आला. आमची पडवी, पालथा क्रेट, पेपर, दोन रांगा, चिठ्ठ्या, सहा ठोकळे.

बाबा एकदम ताठ बसले. त्यांचा चेहरा उजळला.

“हे तर म्याच लावले,” ते म्हणाले.

मी म्हणालो, काय?

“तुमी जेवाले गेलते. तिघाइचा डाग खाली होता, बरोबर. तिघाइचा समोर तसाच. म्या म्हणलं, पोट्ट्याइनं घाईत अर्धवट टाकलं. घेतला खाली अन् गेलो पालक बांधाले.” आणि थोड्या वेळाने, समाधानाने, “तेवढा बारीक डाग कोनाले दिसला नसता.”

स्टेजवर हर्षित सांगत होता की डावीकडचे तीन आणि उजवीकडचे तीन, दिशा वेगळी असूनही, तंतोतंत सारखे झिजले. का झिजणार नाहीत? सहाच्या सहा एकाच अंगावर उभे होते. ज्या माणसाने मला एकाच वाक्यात सांगितलं होतं की क्रेट बाजूनंच सडते, त्यानेच उजवीकडचे तिन्ही ठोकळे वळवून नीट लावून दिले होते. आणि मी उघडून पाहिलं नव्हतं, कारण आमच्याकडे पाहत नाहीत.

त्या पाच मिनिटांत मला काय काय वाटलं ते प्रामाणिकपणे सांगतो. आधी हसू आलं. मग वाटलं, गप्प बसावं, हर्षितला ही जागा घेऊन जाऊ द्यावी आणि दोन वर्षांनी हे कुणाला तरी सापडू द्यावं. मग मामाची गादी डोळ्यासमोर आली. हिरवी, तिला पिवळी किनार. मग परीक्षक म्हणाले, “फारच धाडसी निष्कर्ष. कुणाला काही विचारायचं आहे?” आणि माझा हात वर गेला.

मी विचारलं की उजवीकडच्या तिघांची खूण फोटोत कुठे दिसते. हर्षित पडद्याकडे वळला. त्याने फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. फुली दिसेना. तो चाचरला आणि म्हणाला, “ठोकळे निकेशनं ठेवले होते. ती सगळी मांडणी निकेशची.”

महिनाभरात माझं नाव पहिल्यांदा त्या कामाला लागलं, तेही माइकवरून.

सगळ्या हॉलने माझ्याकडे वळून पाहिलं. मी सांगू शकलो असतो की फुल्या वळल्या गेल्या. वळवल्या कुणी, हे न सांगताही चाललं असतं. घरात कुणाचा धक्का लागला म्हणालो असतो तरी चाललं असतं. पण दोनशे माणसं माझ्याकडे पाहत होती, आणि दोनशे माणसं पाहत असली की माझ्या आत एक नालायक माणूस उठून उभा राहतो.

“सर,” मी म्हणालो, “माझे वडील भाजीवाले आहेत. चाळीस वर्षांपासून डाग खाली लपवायची सवय. त्यांनी तुमच्या विज्ञानाचाही डाग लपवला.”

हॉल फुटला. एवढं हसू मला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं. मॅडमनी तोंडावर हात घेतला. परीक्षकांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाले, “म्हणजे आमच्या घरी येणाऱ्या टमाट्यांचंही हेच असणार,” आणि पुन्हा एक लाट उठली. मी सगळं समजावून सांगितलं, फुली, अंग, सहाही घट्ट, म्हणून सहाही सारखे. परीक्षक मधे मधे ‘वा’ म्हणत होते. हर्षित पडद्यासमोर उभा होता आणि त्याच्या सदऱ्यावर आमच्या पडवीचा फोटो पडला होता.

बोलून खाली बसलो तेव्हा शेजारची खुर्ची रिकामी होती. पिशवी खुर्चीवर होती. टमाटे वर, मेथी खाली दबू नये म्हणून बाजूला.

मी बाहेर धावलो. गेटजवळ बाबा नव्हते, हर्षित आला मागून. त्याचा आवाज बसला होता.

“तुले माहीत होतं?”

मी म्हणालो, पाच मिनिटं आधी कळलं.

“पाच मिनिटात इशारा करता येते बे. दोस्त होतो आपन.”

“करणार होतो,” मी म्हणालो. “रकाना एकच होता.”

हे वाक्य मी पुलगावपासून जपून ठेवलं होतं. फार मजा येईल असं वाटलं होतं. तो मोटरसायकल ढकलत चालू लागला, सुरू करायचंही विसरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमचा फोन आला. परीक्षक म्हणाले, चूक जिथे झाली तिथपर्यंत जाऊन पोचणारा पोरगा हवा. जागा माझी. सोमवारी रुजू व्हायचं, नवीन ठोकळे आले आहेत, या वेळी घरी न्यायचे नाहीत. फोनवर त्या पुन्हा हसल्या आणि म्हणाल्या की तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग, सगळ्या स्टाफमध्ये त्यांचीच चर्चा आहे.

आईने शिरा केला. आधी मला वाढला. मग दाराकडे पाहिलं, सवयीने, आणखी कुणी येणार असल्यासारखं, आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

बाबा पडवीत होते. आदल्या दिवशी ते कसे घरी आले, मला माहीत नाही. मी आलो तेव्हा ते वांग्यांना पाणी द्यायला गेले होते आणि अंधार पडल्यावर येऊन सरळ झोपले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन बसलो. जागा मिळाली म्हणून सांगितलं. चांगलं झालं, म्हणाले. मॅडमचा नमस्कार सांगितला. ते एकेक टमाटा उचलत होते, बोटांत फिरवत होते, ठेवत होते. मी एक-दोन गमती करून पाहिल्या. परीक्षकांच्या चष्म्याची केली. हर्षितच्या सदऱ्यावर पडलेल्या पडवीची केली. एरवी ते नाकातून हसतात.

“लपवते म्हणलं तू,” ते म्हणाले.

बस, एवढंच. वर पाहिलंही नाही. माझ्याकडे त्यावर बोलायला पुष्कळ होतं. बोलण्याच्या ओघात आलं. हॉलचं वातावरणच तसं होतं. लोकांना तेवढंच कळतं. तोंड उघडल्यावर लक्षात आलं, की ही सगळी रकान्यासारखीच कारणं आहेत. तोंड मिटलं.

नागपूरची गाडी दुपारी चारला येते. भरायचे चौदा क्रेट होते, म्हणून मीही एक घेऊन बसलो, लहानपणापासून बसतो तसा. खालचा थर, मधला थर, वरचा थर. डाग खाली, पण खराब एकही नाही. एक मऊ लागला तो बाजूला काढला. एवढ्या काळजीने मी ठोकळेही ठेवले नव्हते. भरून झाल्यावर क्रेट बाबांच्या बाजूला सरकवला, आणि दुसरा भरायला घेतला.

बाबांनी हातातलं काम थांबवलं. माझा क्रेट समोर ओढला. वरचा थर दोन्ही हातांनी उचलून पेपरवर ठेवला, मग मधला. खालच्या थरापर्यंत गेले. तिथला एकेक टमाटा उलटा करून पाहिला. काही सापडलं नाही. सापडण्यासारखं नव्हतंच. मग त्यांनी सगळे थर परत होते तसे लावले, अगदी माझ्यासारखेच, आणि क्रेट गाडीच्या बाजूला ठेवला.

आई दारात उभी होती. मग ती आत गेली.

मी दुसरा क्रेट भरून सरकवला. बाबांनी तोही ओढला.